हिमवाटेसाठी ग्रूमर निवडताना

कॅनडातील क्वेबेक प्रांतात तीस हजार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या स्नोमोबाईल-वाटांचे जाळे असून त्याची निगराणी बहुतांशी स्थानिक क्लबांच्या स्वयंसेवकांकडे असते. अशा क्लबने ग्रूमर, म्हणजे बर्फाची वाट सपाट करणारे वाहन, खरेदी करताना इंजिनाच्या अश्वशक्तीला भुलण्यापूर्वी मागे ओढल्या जाणाऱ्या ड्रॅगची पारख करावी, असे माझे आग्रहाचे मत आहे. कारण वाहनांच्या अविरत वर्दळीने वाटेवर जे उंचवटे उठतात, ते बुडापासून न कापता मधले खळगे केवळ भुसभुशीत बर्फाने बुजवले, तर ते लवकरच यथापूर्व डोके वर काढतात. म्हणून तिरप्या पात्यांच्या रांगांनी बर्फ कापून, घुसळून, शेवटी सपाट पत्र्याने दाबणारा लांब ड्रॅगच इष्ट. अरुंद वाटांना मात्र रुंद पट्ट्याच्या स्नोमोबाईलमागचा हलका ड्रॅगही पुरतो, आणि क्लबच्या खजिन्यावर बोजा पडत नाही.

वेग ताशी दहा किलोमीटरांच्या आसपास असावा (घायकुत्या चालकाचे काम लगेच ओळखू येते!). वेळ रात्रीची उत्तम, कारण तेव्हा वर्दळ ओसरते आणि घुसळलेल्या हिमकणांना परस्परांत सांधले जाण्यास थंडीचे काही निर्विघ्न तास लाभतात. दिवे मात्र सदैव चालू ठेवावेत. वळणापलीकडून कोण भरधाव येईल, याचा नेम नसतो.