मातीविना जमीन

नागपूरहून अमरावतीकडे जाणाऱ्या महामार्गावर, वर्धा जिल्ह्याच्या वायव्येकडील भागात, कारंजा हे तालुक्याचे गाव आहे. वाशीम जिल्ह्यातही एक कारंजा आहे. म्हणून त्याला कारंजा लाड व याला कारंजा घाडगे असे म्हणण्याचा प्रघात पडला. या तालुक्यात कापूस, तूर, सोयाबीन ही पिके होतात. परंतु हिवाळा सरता सरता संत्र्याच्या बागांतून जो सुगंध दरवळू लागतो, तो अनुभवल्यावाचून या भागाची ओळख पुरी होत नाही. तो आंबिया बहाराचा फुलोरा होय. हा बहार सहज येत नाही. डिसेंबरच्या सुमारास पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. पाने मलूल होऊ लागली, की मगच पाणी सोडावयाचे. ताण कमी पडला तर फुले येत नाहीत आणि अधिक झाला तर झाड दुखावते. पावसाळ्याच्या तोंडाशी येणारा तो मृग बहार. त्याचे गणित आणखी निराळे. झाड लावल्यापासून चांगले उत्पन्न हाती येईपर्यंत पाच-सहा वर्षे थांबावे लागते. तोवर शेतकरी केवळ जमिनीच्या भरवशावर असतो.

ही जमीन दोन ठिकाणी असते, असे म्हटले तर ते खोटे नव्हे. एक धुऱ्याच्या आत, पायाखाली. आणि दुसरी सरकारी दप्तरात. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा हे दोन तक्ते एकत्र येऊन 'सातबारा' हा उतारा झाला. सात नंबरात जमीन कोणाच्या नावे आहे, तिचे क्षेत्र किती आणि तिच्यावर कोणाचे कर्ज आहे, हे लिहिलेले असते. बारा नंबरात तिच्यात कोणते पीक उभे आहे याची नोंद असते. एके काळी या नोंदी तलाठ्याच्या बस्त्यात असत. २०१८ सालापासून अंकीय स्वाक्षरी असलेला सातबारा आंतरजालावरून मिळू लागला. आणि २०२१ च्या स्वातंत्र्यदिनापासून, वावरात उभे राहून भ्रमणध्वनीने पिकाचे छायाचित्र घ्यावयाचे व पिकाची नोंद स्वतःच करावयाची, अशी 'ई-पीक पाहणी'ची सोय राज्यभर झाली. कारंज्याच्या शेतकऱ्याची जमीन अशा रीतीने संगणकाच्या पडद्यावर येऊन पोचली.

आता कल्पना करा, की धुऱ्याच्या आतील जमीन मुळी नाहीच. केवळ पडद्यावरचीच तेवढी आहे. अशी जमीन कोणी विकत घेईल काय? नवल वाटेल, पण घेणारे पुष्कळ निघाले.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे लिंडेन लॅब नावाची एक कंपनी आहे. फिलिप रोझडेल हे तिचे संस्थापक. या कंपनीने २३ जून २००३ रोजी 'सेकंड लाइफ', म्हणजे 'दुसरे आयुष्य', या नावाचे एक आभासी जग लोकांसाठी उघडले. आभासी म्हणजे दिसणारे, पण नसणारे. संगणकाच्या पडद्यावर डोंगर दिसतात, समुद्र दिसतो, रस्ते व घरे दिसतात. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला एक देह मिळतो, आणि मौज अशी की त्या देहाला जगभर 'अवतार' हाच आपला शब्द वापरतात. अवतार चालतो, बोलतो, वाटल्यास उडतो. त्याला भूक लागत नाही आणि ऊन बाधत नाही. या जगाचा मूळचा दिवस चार तासांचा आहे. त्यात तीन तास उजेड व एक तास अंधार. म्हणजे कारंज्यात सूर्य एकदा उगवतो, तेवढ्या अवधीत तेथे सहा वेळा उगवतो. हे जग मुळात प्रौढांसाठी उघडले गेले होते आणि वीस वर्षे उलटून गेली तरी ते चालू आहे.

या जगाची भूमी चौकोनी खंडांत विभागलेली आहे. एका खंडाची लांबी २५६ मीटर आणि रुंदीही तेवढीच. म्हणजे क्षेत्र ६५,५३६ चौरस मीटर, आपल्या मापाने सुमारे सोळा एकर. संत्र्याची झाडे सहा-सहा मीटरवर लावण्याची रीत आहे. त्या हिशोबाने अशा एका खंडात अठराशेच्या आसपास झाडे बसतील. एवढी जमीन एकट्याने घेणारे थोडेच. खंडाचे लहान लहान तुकडे पाडता येतात. पूर्वी नवख्या जमीनदाराचा तुकडा पुष्कळदा ५१२ चौरस मीटरचा, म्हणजे साधारण पाच गुंठ्यांचा असे. आपल्याकडे तेवढ्यात चौदा झाडे उभी राहतील. सर्वांत लहान तुकडा १६ चौरस मीटरचा. एवढ्यात आपल्याकडे बैलजोडी वळवणेही कठीण.

मग त्या पाच गुंठ्यांत त्या जमीनदाराला किती झाडे लावता येत? या प्रश्नाच्या उत्तरातच त्या जमिनीचे खरे स्वरूप दडलेले आहे. तेथे घर असो, कुंपण असो की झाड असो, प्रत्येक वस्तू मूळच्या साध्या ठोकळ्यांची बनवलेली असे. या ठोकळ्याला 'प्रिम' म्हणतात. आरंभीच्या काळी संपूर्ण खंडाला १५,००० प्रिम अशी मर्यादा असे, आणि त्या प्रमाणात ५१२ चौरस मीटरच्या वाट्याला ११७ येत. पुढे ही मर्यादा वाढली, तरी मर्यादा ही राहिलीच. घरालाच ऐंशी ठोकळे लागले, तर उरलेल्या सदतिसांत कुंपण घालावे की बाग करावी, असा पेच पडे. जागा रिकामी दिसते, पण तिच्यात आणखी एक खुर्चीही मावत नाही! याचे कारण असे, की ती जमीन म्हणजे खरोखर कोठेतरी चालू असलेल्या एका संगणकाची शक्ती होय. प्रत्येक वस्तू कोठे आहे, तिच्यावरून कोण चालले, दार उघडले की मिटले, याचा हिशोब त्या यंत्राला क्षणोक्षणी ठेवावा लागतो. यंत्राची ताकद संपली, की जमीन संपली. कारंज्याच्या जमिनीची मर्यादा माती आणि पाणी ठरवतात; तेथील जमिनीची मर्यादा यंत्र ठरवते.

यावरून शेजारधर्माचे एक विलक्षण साम्य ध्यानात येते. शेजाऱ्याने खोल बोअर घेतली, की आपल्या विहिरीचे पाणी उतरते, हे संत्र्याच्या बागाइतदाराला चांगले ठाऊक आहे. धुरा पाणी अडवीत नाही. सेकंड लाइफमध्येही एकाच खंडातील सारे तुकडे एकाच यंत्राच्या शक्तीवर जगतात. शेजाऱ्याच्या दुकानात गर्दी उसळली, की आपल्या अंगणातला अवतार अडखळत चालू लागतो. पाऊल उचलावे तर ते क्षणभराने पडते. दोष आपला नसतो, भोग मात्र आपल्या वाट्याला येतो.

अशा जमीनदाराचा दिवस कसा जात असेल? सकाळी तो संगणक उघडतो आणि आपल्या तुकड्यावर उतरतो. रात्रीतून कोणी नको ती वस्तू टाकून गेला आहे काय, हे आधी पाहतो; असल्यास ती मूळ मालकाकडे परत धाडतो. त्रास देणाऱ्याचे नाव बंदीच्या यादीत घातले, की त्या माणसाचा अवतार हद्दीशी येताच अडतो. आपल्याकडील काटेरी कुंपणालाही इतके काटेकोरपण साधत नाही. जमिनीचा चढ-उतार तो बदलू शकतो. परंतु कंपनीच्या मुख्य भूमीवर चार मीटरपेक्षा अधिक वर किंवा खाली नाही. घराचा काही भाग भाड्याने दिला असेल तर भाडे आले की नाही हे पाहतो. तेथील चलन 'लिंडेन डॉलर' नावाचे आहे. खऱ्या एका अमेरिकन डॉलरला साधारण अडीचशे ते तीनशे लिंडेन डॉलर असा त्याचा भाव असतो आणि तो रोज थोडा खालीवर होतो. कोणी आपल्या जागेत कपड्यांचे दुकान काढतो, कोणी नृत्यशाळा, कोणी चित्रांचे दालन. काही जण मात्र काहीच करीत नाहीत. समुद्राकाठी एक बाक ठेवतात आणि मित्रांची वाट पाहत बसतात. बारकाईने पाहिले, तर बहुतेकांनी जमीन या शेवटल्या गोष्टीसाठीच घेतलेली असते.

कारण पाहुणे बोलवावयाचे तर आपले असे ठिकाण लागते. समुद्राकाठची किंवा रस्त्यालगतची जागा तेथेही महाग असते. रस्त्याच्या जागेचा भाव चढा का, हे महामार्गावरील गावाला समजावून सांगण्याची गरज नाही. समुद्राचे मात्र आश्चर्य वाटते. तेथे वारा अंगाला लागत नाही आणि मासेही पोटात जात नाहीत. तरीही देखाव्याला मोल आहे, आणि हे मोल ओळखून लबाडी करणारेही निघाले. कोणी १६ चौरस मीटरचे तुकडे विकत घेऊन त्यांवर गरगर फिरणाऱ्या जाहिरातींचे उंच खांब उभारी. शेजाऱ्याचा देखावा बिघडे. तो कंटाळून तुकडा अवाच्या सव्वा किमतीला विकत घेई, आणि हेच त्या खांबवाल्याला हवे असे. तक्रारी वाढल्या, तेव्हा कंपनीने या प्रकाराला नियमाने आवर घातला.

जमीन घेतली म्हणजे झाले, असेही नाही. मुख्य भूमीवरील जमिनीसाठी, ठरावीक क्षेत्रापलीकडे, कंपनीला दरमहा रक्कम द्यावी लागते. हा तेथील शेतसाराच होय, आणि तो खऱ्या पैशांत असतो. नकोशी झालेली जमीन सोडून देता येते. तेव्हा ती 'गव्हर्नर लिंडेन' या नावावर जमा होते. आपल्याकडे 'सरकारजमा' म्हणतात, तसाच हा प्रकार. हा गव्हर्नर म्हणजे कंपनीचेच एक खाते.

याखेरीज कंपनीकडून संपूर्ण खंड घ्यावयाचे, त्यांचे तुकडे पाडावयाचे आणि ते इतरांना भाड्याने द्यावयाचे, असा धंदाही चालतो. वर्धा जिल्ह्याला ही व्यवस्था अपरिचित नाही. मध्य प्रांतात असताना या जिल्ह्यात मालगुजारी होती. मालगुजार गावाचा सारा सरकारात भरी आणि कुळे त्याच्याकडे आपापला वाटा भरीत. वर्धा नदी ओलांडून वऱ्हाडात गेले, की तेथे रयतवारी होती. शेतकरी थेट सरकारात सारा भरी. मालगुजारी १९५१ साली कायद्याने संपुष्टात आली. पडद्यावरील जगात मात्र रयतवारी आणि मालगुजारी आजही शेजारी शेजारी नांदत आहेत.

या पडद्यावरील मालगुजारांत एका बाईंचे नाव फार गाजले. एलिन ग्राफ हे त्यांचे खरे नाव. चीनमध्ये जन्मलेल्या आणि जर्मनीत राहणाऱ्या या बाई तेथे 'आन्शे चुंग' या नावाने वावरत. दहा डॉलरांहून कमी खर्चात त्यांनी आरंभ केला. ओसाड खंड घ्यावे, त्यांवर डोंगर, झाडी, किनारे नीट रचावे, त्यांना शिस्त लावावी आणि मग ते विकावे किंवा भाड्याने द्यावे, हा त्यांचा उद्योग. मे २००६ मध्ये 'बिझनेस वीक' या अमेरिकन साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर त्यांच्या अवताराचे चित्र झळकले. आपली आभासी मालमत्ता दहा लाख डॉलरांहून अधिक मोलाची झाली आहे, असे त्याच वर्षी नोव्हेंबरात त्यांनी जाहीर केले. हे ऐकून कितीतरी लोक जमिनीकडे धावले. त्यांतील थोड्यांनाच नफा झाला. चुंगबाईंनी जमीन विकली असे म्हणण्यापेक्षा आपली मेहनत आणि कल्पकता विकली, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल. धावणाऱ्यांनी मात्र केवळ जमीन पाहिली.

ही जमीन खरोखर कोणाची, हा प्रश्न न्यायालयातही गेला. पेनसिल्व्हेनिया राज्यातील मार्क ब्रॅग नावाच्या वकिलांनी २००६ साली लिलावात काही जमीन स्वस्तात मिळवली. ती गैरमार्गाने मिळवली असे म्हणून कंपनीने त्यांचे खातेच बंद केले. त्यासरशी त्यांची सारी जमीन आणि तेथील पैसा हातचा गेला. जमीन माझ्या मालकीची आहे, असे ब्रॅग यांचे म्हणणे; कंपनीचे म्हणणे निराळे. २००७ साली न्यायालयाने एवढेच ठरवले, की कंपनीच्या करारातील लवादाचे कलम ब्रॅग यांच्यावर लादता येणार नाही. पुढे त्याच वर्षी दोघांत तडजोड झाली आणि मुख्य प्रश्न अनिर्णित राहिला. पुढील करारांत मात्र कंपनीने स्पष्ट लिहून टाकले, की येथे 'जमीन' म्हणजे वापरण्याचा केवळ परवाना होय.

सातबाऱ्यावर चुकीची नोंद झाली, तर कारंज्याचा शेतकरी तहसील कार्यालयात अर्ज करतो. तेथे दाद लागली नाही तर वर अपील करतो. फेरफार होतो, मोजणी होते, धुरा पुन्हा आखला जातो. कागद चुकला तरी वावर जागच्या जागीच असते. परवान्याच्या जमिनीला असा आधार नाही. एका मोठ्या अमेरिकन खेळ-कंपनीने डिसेंबर २००२ मध्ये असेच एक जग उघडले होते. पुढे त्याला 'ईए-लँड' असे नाव दिले. १ ऑगस्ट २००८ रोजी ते बंद करण्यात आले. त्याच्या शेवटच्या काही क्षणांचे चित्रण अभ्यासकांनी जतन करून ठेवले आहे. त्यात तेथील रहिवासी एकत्र जमून एकमेकांचा निरोप घेताना दिसतात. घरे आहेत, झाडे आहेत, माणसे बोलत आहेत. आणि मग पडद्यावर जोडणी तुटल्याची सूचना येते.