ठशांतून उमटणारी शुभेच्छापत्रे
घरबसल्या करता येण्याजोगा एक कलात्मक गृहोद्योग

सणासुदीच्या दिवसांत, बारसे-विवाहासारख्या मंगल प्रसंगी किंवा परीक्षेतील यशाबद्दल आप्तेष्टांना शुभेच्छा पाठविण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुजलेली आहे. अलीकडे शुभेच्छांची ही देवाणघेवाण बहुतांशी भ्रमणध्वनीवरील संदेशांतून होते. एकाच चित्राच्या शेकडो प्रती क्षणार्धात सर्वांना रवाना होतात आणि तितक्याच सहजपणे पुसल्याही जातात. याच कारणाने हाताने केलेल्या, पाठविणाऱ्याच्या अक्षरातील शुभेच्छापत्राचे मोल वाढले आहे. अशी पत्रे आणि भेटवस्तूंना बांधावयाच्या नामचिठ्ठ्या रबरी ठशांच्या साह्याने तयार करणे हा छंद म्हणून आनंददायक आणि पद्धतशीरपणे केल्यास चार पैसे मिळवून देणारा उद्योग आहे. त्यासाठी यंत्रसामग्री लागत नाही, स्वतंत्र जागा लागत नाही आणि चित्रकलेचे औपचारिक शिक्षणही आवश्यक नाही. मात्र कागद, शाई, ठसा आणि हिशेब या चार गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात.

शिक्क्याची परंपरा

ठसा उमटविणे मराठी माणसाला नवीन नाही. शिवकालीन व पेशवेकालीन कागदपत्रांवर मजकुराच्या आरंभी शिक्का आणि अखेरीस मोर्तब उमटविण्याचा प्रघात होता. एखादी गोष्ट पक्की झाली म्हणजे तिच्यावर ‘शिक्कामोर्तब’ झाले असे आपण म्हणतो, ते यावरूनच. लाकडी ठशांनी कापडावर नक्षी छापण्याची कला तर भारतात शतकानुशतके चालत आली आहे.

रबरी ठसा मात्र त्या मानाने अलीकडचा. नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होत असे. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने १८३९ मध्ये गंधक व उष्णता यांच्या साह्याने रबर टिकाऊ करण्याची युक्ती शोधली व १८४४ मध्ये तिचे एकस्व मिळविले. त्यानंतरच्या काळात रबरी शिक्के प्रचारात आले आणि कचेरीच्या टेबलावर त्यांनी कायमचे ठाणे मांडले. छापील शुभेच्छापत्राचा जन्मही याच सुमाराचा आहे. इंग्लंडमध्ये १८४० साली स्वस्त टपालसेवा सुरू झाली आणि १८४३ मध्ये हेन्री कोल या गृहस्थांनी चित्रकार जॉन हॉर्सली यांच्याकडून नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र काढून घेतले.

अशा पत्रांच्या विक्रीतून लोकोपयोगी कार्यही उभे राहू शकते. ‘युनिसेफ’ या संस्थेचे पहिले शुभेच्छापत्र १९४९ मध्ये निघाले. त्यावरील चित्र महायुद्धोत्तर काळात मदत मिळालेल्या चेकोस्लोव्हाकियातील ७ वर्षांच्या एका मुलीने कृतज्ञतेपोटी काढलेले होते.

कागदाची निवड

शुभेच्छापत्राचा निम्मा दिमाख कागदात असतो. घडी घातल्यावर पत्र उभे राहावे यासाठी दर चौरस मीटरला २०० ते ३०० ग्रॅम वजनाचा कागद घ्यावा. याहून पातळ कागद लवतो आणि याहून जाड कागदाची घडी फुटते.

हातकागद या कामासाठी विशेष शोभून दिसतो. शिवणकामातील सुती चिंध्यांचा लगदा करून, तो जाळीच्या साच्यावर उचलून, दाबून व वाळवून हा कागद तयार होतो. त्यासाठी झाडे तोडावी लागत नाहीत. महाराष्ट्रात या व्यवसायाची परंपरा जुनी आहे. दौलताबादजवळील कागझीपुरा या गावाचे नावच तिची साक्ष देते. पुण्यात १९४० साली स्थापन झालेल्या हातकागद संस्थेने या व्यवसायाला संशोधनाची जोड दिली. तेथील कार्यात श्री. के. बी. जोशी यांचा वाटा मोठा होता.

हातकागद घेताना एक परीक्षा अवश्य करावी. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब सोडून पाहावा. थेंब लगेच शोषला गेला तर कागदाला पुरेशी खळ दिलेली नाही असे समजावे. अशा कागदावर ठशाची शाई पसरते व रेषा फुगीर येतात. थेंब काही काळ तसाच राहिला तर कागद ठसेकामास योग्य आहे. अतिखडबडीत पृष्ठभागही टाळावा, कारण खळग्यांत शाई पोहोचत नाही.

आकार ठरविताना कागद वाया जाणार नाही हे पाहावे. ए-४ आकाराचा, म्हणजे २१० गुणिले २९७ मिलिमीटरचा ताव मधोमध कापला की दोन तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याची घडी घातली की १०५ गुणिले १४८ मिलिमीटरची दोन शुभेच्छापत्रे मिळतात. ती ११४ गुणिले १६२ मिलिमीटरच्या प्रचलित पाकिटात व्यवस्थित बसतात. ५ गुणिले ९ सेंटिमीटरच्या नामचिठ्ठ्या करावयाच्या असतील तर त्याच तावातून १२ निघतात. घडी घालण्यापूर्वी पट्टी ठेवून रिकाम्या बॉलपेनने घडीच्या जागी रेघ दाबून घ्यावी, म्हणजे घडी सरळ येते व कागद तडकत नाही.

ठसा कसा कोरावा?

शिक्के तयार करणाऱ्या दुकानदाराला स्वच्छ काळ्या शाईतील रेखाचित्र दिल्यास तो ठसा करून देतो. बारीक अक्षरांसाठी हा मार्ग चांगला. साध्या आकारांचे ठसे मात्र घरीच कोरता येतात. त्यासाठी मोठे खोडरबर, कोरकामाचा मऊ रबरी ठोकळा किंवा लिनोलियमचा तुकडा आणि इंग्रजी व्ही व यू अक्षरांच्या आकाराच्या तोंडाच्या दोन कोरण्या पुरेशा आहेत.

ठशावरील आकृती नेहमी उलटी असावी लागते, तेव्हाच कागदावर ती सुलटी उमटते. ही अडचण सोपी आहे. पारदर्शक कागदावर मऊ पेन्सिलीने सुलटे चित्र काढावे, तो कागद पालथा करून रबरावर ठेवावा आणि मागून नखाने घासावे. पेन्सिलीची रेघ रबरावर आपोआप उलटी उतरते.

कोरताना तीन पथ्ये पाळावीत. पहिले, कोरणी नेहमी आपल्या हातापासून दूर ढकलावी आणि धरणारा हात कोरणीच्या मागे ठेवावा. दुसरे, वळण घेताना कोरणी न वळविता रबर फिरवावे. तिसरे पथ्य सर्वांत महत्त्वाचे. रेषेच्या कडा खाली उतरत्या ठेवाव्यात, आतल्या बाजूने पोखरू नयेत. पोखरलेली रेषा दाब पडताच वाकते आणि थोड्याच दिवसांत तुटते.

देवनागरी अक्षरे कोरणे विशेष कौशल्याचे काम आहे. शिरोरेषा बारीक राहिली तर ती लहरते आणि जोडाक्षरांतील पोकळ्या शाईने भरून जातात. नवशिक्याने अक्षराची उंची निदान १ सेंटिमीटर ठेवावी. अक्षराभोवतीची जमीन काढून टाकण्याऐवजी अक्षरच कोरून काढले तर काम अधिक सोपे होते. अशा ठशातून रंगीत जमिनीवर कागदाच्या पांढऱ्या रंगात ‘शुभ दीपावली’ उमटते.

ठसे मोजके, रचना अनेक

प्रत्येक पत्रासाठी वेगळा ठसा करण्याचा मोह टाळावा. एक पाकळी, एक पान, एक पणती, एक त्रिकोण आणि एक वर्तुळ अशा पाच लहान ठशांतून असंख्य रचना साधतात. पाकळी ४५ अंशांनी फिरवीत आठ वेळा उमटविली की फूल होते. आंब्याचे पान ओळीने उमटविले की तोरण होते.

पणतीमागे रांगोळी दाखवावयाची असल्यास आधी पणती उमटवावी. तीच पणती पातळ कागदावर उमटवून कातरून घ्यावी, ते कात्रण मूळ चित्रावर झाकण म्हणून ठेवावे आणि मग रांगोळीचा ठसा मारावा. झाकण उचलताच रांगोळी पणतीच्या मागे गेलेली दिसते.

आपल्या सणांत या कलेला किती वाव आहे पाहा. संक्रांतीचा हलवा, पाडव्याची गुढी, राखी, नाताळचा तारा, ईदची चंद्रकोर हे सारे आकार ठशाला अनुकूल आहेत. दसऱ्याला सोने म्हणून आपट्याच्या फांद्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात. आपट्याच्या जोडपानाचा ठसा मारलेली, त्याच आकारात कातरलेली चिठ्ठी सोने म्हणून दिली तर प्रथाही राखली जाईल आणि झाडही वाचेल.

शाई आणि ठसा मारण्याची रीत

कचेरीतील जांभळी शाई शुभेच्छापत्राला शोभत नाही. बाजारात दोन प्रकारच्या रंगीत शायांच्या गाद्या मिळतात. एका प्रकारात रंग पूर्णपणे विरघळलेला असतो. ही शाई कागदात मुरून लवकर वाळते, परंतु उन्हात फिकी पडते. दुसऱ्या प्रकारात रंगाचे सूक्ष्म कण असतात. ती कागदाच्या पृष्ठभागावर राहते, वाळण्यास वेळ घेते, पण रेषा स्वच्छ येते व रंग टिकतो. हातकागदासाठी हा दुसरा प्रकार उत्तम.

मोठा ठसा गादीवर दाबण्याऐवजी ठसा वर करून त्यावर गादी हलकेच थोपटावी, म्हणजे शाई सर्वत्र सारखी लागते. ठसा सरळ खाली टेकवावा, सर्व बाजूंनी सारखा दाब द्यावा आणि सरळ वर उचलावा. तो डोलविला तर कडेची डागळ उठते. कागदाखाली जुन्या वर्तमानपत्राच्या दोन-तीन घड्या ठेवल्यास ठसा भरीव येतो. अनेक रंग वापरताना फिका रंग आधी व गडद रंग नंतर घ्यावा. काम संपताच ठसा ओलसर फडक्याने पुसावा. रॉकेल किंवा पेट्रोल वापरू नये, त्याने रबर फुगते. ठसे उन्हात ठेवू नयेत.

नामचिठ्ठीला भोक पाडल्यावर त्याभोवती कागदाची लहान चकती चिकटवावी, म्हणजे दोरा ओढला तरी कागद फाटत नाही. प्लॅस्टिकच्या फितीऐवजी सुती दोरा वापरावा.

हिशेब चुकला तर कष्ट वाया

या उद्योगात अपयश येते ते कलेच्या अभावी नव्हे, तर हिशेबाच्या अभावी. पुष्कळ भगिनी केवळ कागद व शाईचा खर्च धरतात आणि स्वतःची मजुरी सोडून देतात. पुढील उदाहरण केवळ पद्धत समजण्यासाठी आहे. आकडे आपापल्या गावच्या भावाप्रमाणे बदलावेत.

समजा, एका पत्राला कागद ६ रुपये, पाकीट ४ रुपये आणि शाई व इतर साहित्य २ रुपये, असा १२ रुपये खर्च आला. ताशी ६० रुपये मजुरी धरली आणि एका पत्राला ८ मिनिटे लागली तर मजुरी ८ रुपये होते. दहापैकी एक पत्र बिघडते असे धरून २ रुपये वाढवावेत. ठसे व कोरण्या यांवर १,५०० रुपये खर्च झाला असेल आणि त्यांतून ५०० पत्रे निघणार असतील तर दर पत्री ३ रुपये येतात. एकूण २५ रुपये झाले. आता दुकानदार विक्रीच्या किमतीवर ४० टक्के कसर घेत असेल तर किंमत किमान ४२ रुपये ठेवावी लागेल. हेच पत्र ३० रुपयांना दुकानात ठेवले तर हाती केवळ १८ रुपये पडतात, म्हणजे साहित्याचा खर्च निघतो, पण मजुरी मात्र पूर्ण सुटत नाही. वरवर विक्री जोरात दिसते आणि वर्षाअखेर मात्र कष्टाचे चीज झालेले नसते.

म्हणून मागणी पाहूनच माल करावा. दिवाळीची पत्रे दिवाळीनंतर विकली जात नाहीत. वाढदिवस, अभिनंदन व आभार यांची पत्रे मात्र वर्षभर खपतात. पत्राच्या आतील बाजू कोरी ठेवली तर तेच पत्र कोणत्याही प्रसंगी चालते. टपालाच्या वजनाकडेही लक्ष असावे. २५० ग्रॅम प्रतीच्या कागदाचे वरील आकाराचे पत्र सुमारे ८ ग्रॅमचे होते. पाकिटासह ते साध्या पत्राच्या २० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात सहज बसते. मणी, आरसे चिकटविले की वजन वाढते आणि टपालात पत्र खराब होण्याचा संभवही वाढतो.

कायद्याचे भान

विक्रीसाठी पत्रे करताना चित्रपटातील किंवा चित्रकथांतील लोकप्रिय पात्रांची नक्कल करू नये. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याने अशा कलाकृतींना संरक्षण आहे. तयार ठसे विकत घेतले असतील तर त्यांपासून केलेल्या वस्तू विकण्यास उत्पादकाची अनुमती आहे की नाही, हे वेष्टनावर पाहावे. राष्ट्रीय बोधचिन्हाचा असा वापर २००५ च्या कायद्याने निषिद्ध आहे. वारली शैलीतील त्रिकोण-वर्तुळांच्या आकृत्या ठशाला फार साजतात. परंतु ही आदिवासी बांधवांची परंपरा आहे. ती जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांचा २०११ मध्ये पद्मश्री देऊन गौरव झाला. अशा आकृत्या वापरावयाच्या तर वारली कलावंतांकडूनच रेखाटने करून घ्यावीत व त्यांना मोबदला द्यावा, हे न्यायाचे होईल.

संघटित प्रयत्न

एकटीने केलेल्या कामापेक्षा बचत गटाने केलेले काम अधिक किफायतशीर ठरते. एकीने कागद कापावा, दुसरीने ठसे मारावेत, तिसरीने घड्या व पाकिटे पाहावीत. ठसे सामाईक असल्याने भांडवली खर्च विभागला जातो. १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, ‘उमेद’ अभियान, खादी व ग्रामोद्योग मंडळ आणि जिल्हा उद्योग केंद्र यांच्याकडे प्रशिक्षण, कर्ज व विक्री प्रदर्शनांविषयी चौकशी करता येईल. मुंबईतील ‘महालक्ष्मी सरस’सारख्या प्रदर्शनांत ग्रामीण भगिनींना ग्राहकाशी थेट व्यवहार करता येतो आणि मधली कसर वाचते. शाळा, सहकारी बँका व स्थानिक संस्था यांनी आपली शुभेच्छापत्रे गावातील गटाकडूनच करून घेतली तर विक्रीची चिंता पुष्कळशी मिटेल.

सुरुवात लहान असावी. पन्नास पत्रे करावीत, ती ओळखीच्या मंडळींना दाखवावीत, कोणती आधी उचलली जातात ते पाहावे आणि मगच पुढचा कागद विकत घ्यावा. हाताला वळण लागले आणि हिशेबाची वही चोख राहिली, तर रबराच्या एका लहानशा तुकड्यातून घराला हातभार लावणारा उद्योग उभा राहू शकतो.