पाचोळा ही झाडांची ठेव

मार्च लागला की आमच्या कोकणात घरोघरी एक काम ठरलेले असते. आंबा-फणसाखालचा पातेरा झाडायचा, ढीग करायचा आणि पेटवायचा. धूर निघाला म्हणजे परसदार स्वच्छ झाले, असे आपण समजतो. आमच्या घरीही अब्बांच्या काळापासून हेच चालत आले. पण त्या धुरात काय जाते, हे पाहायचे तर सह्याद्रीच्या माथ्यावरच्या सदाहरित जंगलात डोकावायला हवे.

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसात जांभ्यावरच्या मातीतली अन्नद्रव्ये धुऊन जातात. तरीही तेथे जांभूळ, अंजनी, पिसा यांची दाट झाडी उभी आहे. कोणी खत घालत नाही. मग ही झाडे जगतात कशावर? बरेचसे उत्तर त्यांच्या पायाशी पडलेल्या पाचोळ्यात आहे.

सदाहरित झाडांचीही पाने गळतात. फक्त सगळी एकदम गळत नाहीत. पान सोडण्याआधी झाड त्यातला बराचसा नायट्रोजन आणि स्फुरद काढून घेते. उरलेले पानाबरोबर खाली येते. पावसाच्या सरींनी पालाश लवकर पाण्यात उतरतो. वाळवी, वाणी, गांडुळे पानांचा चुरा करतात. बुरशी आणि जिवाणू तो कुजवतात. ही पाने जाड आणि मेणचट असतात. त्यांतले लिग्निन सहजी तुटत नाही, म्हणून ती सावकाश कुजतात. या सावकाशीचा फायदाच होतो. अन्न थोडे थोडे सुटते आणि वरच्या थरातली बारीक मुळे व त्यांना जोडलेली बुरशी त्यातले बरेचसे वाहून जाण्याआधी टिपून घेतात.

हाच पाचोळा पेटवला की त्यातला बहुतेक नायट्रोजन हवेत जातो. राखेत पालाश, स्फुरद, चुना उरतो; पण उतारावरची राख पहिल्याच पावसात वाहून जाते. जमीन उघडी पडते आणि मातीही जाते. मग आपण दुकानातून युरियाची गोणी आणतो. म्हणजे घरचे जाळून तेच विकत घेतो!

दोन वर्षांपासून आम्ही पातेरा जाळत नाही. खोडापासून वीतभर जागा सोडून तो आळ्यात पसरतो. जास्तीचा खड्ड्यात टाकून त्यावर शेणकाला ओततो. गेल्या पावसाळ्यात आळ्यातला थर उलटून पाहिला, तर खाली काळी भुसभुशीत माती आणि बुरशीचे पांढरे धागे दिसले. मुलांनी गांडुळे मोजायला घेतली.

मात्र आपल्या बागेसाठी डोंगरातला पाचोळा ओरबाडून आणू नये. ती त्या झाडांची ठेव आहे. आपल्या अंगणात पडतो तेवढा सांभाळला, तरी पुष्कळ आहे.