साठ सेकंदांचा जाबजबाब

अमेरिकेत नेब्रास्का राज्यातल्या लिंकन शहराच्या कडेला हवाई दलाचा एक जुना तळ आहे. शीतयुद्धाच्या दिवसांत इथे बॉम्बफेकी विमानं उभी असायची. आता सप्टेंबरच्या सुमारास त्याच काँक्रीटवर शेकडो नारिंगी शंकू मांडले जातात आणि देशभरातून हजाराच्या वर माणसं आपापल्या गाड्या घेऊन जमतात. कोणी कॅलिफोर्नियाहून अडीच हजार किलोमीटर गाडी हाकत आलेलं असतं. येऊन करायचं काय, तर दोन दिवसांत सहा वेळा त्या शंकूंमधून गाडी पळवायची. एक फेरी साधारण मिनिटाभराची. सगळा हिशेब मांडला तर सहा-सात मिनिटं.

या खेळाचं नाव ऑटोक्रॉस. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका, थोडक्यात एससीसीए, ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था. तिने १९७३ मध्ये याची पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरवली आणि २००९ पासून ती लिंकनला होते. पण लिंकन हे शिखर झालं. ऑटोक्रॉस एरवी वसतो तो रविवारी ओस पडलेल्या पार्किंगमध्ये, स्टेडियमबाहेरच्या डांबरी मैदानात, वापरातून गेलेल्या धावपट्टीवर. गाडी रोज ऑफिसला नेता तीच चालते. हेल्मेट, धड सीटबेल्ट, घट्ट बसलेली बॅटरी, चाकांना खडखड नाही, आतल्या सुट्या वस्तू बाहेर काढलेल्या. एवढं तपासलं की रांगेत लागायचं. माझदाची छोटी उघडी मियाटा इथली लाडकी, पण शेजारी कॉर्व्हेट उभी असते आणि तिच्यामागे एखादी कुटुंबाची हॅचबॅकही.

मार्गावर गाडी घड्याळाशी लढते, दुसऱ्या गाडीशी नाही. सुरुवातीला आणि शेवटी प्रकाशकिरणांच्या आडव्या रेघा असतात. त्या तोडल्या की वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत नोंदली जाते. प्रत्येक शंकूभोवती जमिनीवर खुणेची चौकट आखलेली असते. शंकू आडवा झाला किंवा चौकटीच्या पूर्ण बाहेर गेला की दोन सेकंदांचा दंड. उभा राहिला आणि चौकटीला थोडा जरी टेकून असला तर माफ. वाटेतलं शंकूंचं एखादं दार चुकलं तर फेरीच बाद. दोन सेकंद ऐकायला थोडे वाटतात, पण एवढ्या दंडाने पहिल्या क्रमांकाचा माणूस यादीच्या तळाला जातो. पाडलेले शंकू उचलायला पगारी माणसं नसतात. सकाळी ज्यांनी गाडी चालवली तेच नंतर उन्हात लाल झेंडा आणि वॉकीटॉकी घेऊन उभे राहतात आणि ‘अमुक गाडी, दोन शंकू’ असं कळवतात.

वेगाचं म्हणाल तर काटा ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे क्वचितच जातो. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कारला जेवढी मुभा आहे तेवढाच. फेरी बहुतेक दुसऱ्या गिअरमध्ये सुरू होते आणि तिथेच संपते. तरीही पहिल्यांदा उतरलेल्या माणसाचे हात फेरीनंतर थरथरतात, कारण दर दीड-दोन सेकंदाला काही तरी करावं लागतं आणि सरळ रस्ता असा जवळजवळ नसतोच.

सराव मिळत नाही, ही या खेळाची खरी अट. रेसट्रॅकवर तेच वळण दिवसात पन्नास वेळा घेता येतं. इथे दर स्पर्धेला मार्ग नवा असतो. सकाळी तो पायी फिरून बघायचा, शक्य तितक्या वेळा, मनात पाठ करायचा, आणि मग थेट घड्याळासमोर जायचं. स्थानिक स्पर्धेत चार-सहा फेऱ्या मिळतात, राष्ट्रीय स्पर्धेत दोन मार्गांवर तीन-तीन. प्रत्येक मार्गावरची सर्वोत्तम वेळ घेऊन बेरीज होते. शिकायची संधी फक्त एका फेरीच्या शेवटापासून दुसरीच्या सुरुवातीपर्यंत.

आणि नेमकी इथेच आठवण दगा देते. टायर किंचाळले, गाडी मागून झोके घेत गेली, स्टिअरिंगशी झटापट झाली की माणसाला वाटतं, काय फेरी झाली! फलकावर वेळ मात्र आधीपेक्षा वाईट. उलट शांत, जरा कंटाळवाणी वाटलेली फेरी कित्येकदा सर्वात जलद ठरते. आवाज आणि धक्के शरीराला वेगासारखे वाटतात, प्रत्यक्षात ती टायरने उधळलेली पकड असते. म्हणून कोणी तरी तिऱ्हाईत साक्षीदार हवा, ही गरज ऑटोक्रॉसवाल्यांना फार लवकर जाणवली.

१९८० च्या दशकात, पुढे रडार डिटेक्टरसाठी प्रसिद्ध झालेल्या व्हॅलेंटाइन रिसर्चने ‘जी-ॲनालिस्ट’ नावाचं यंत्र काढलं. गाडी किती जोराने वळते, किती जोराने थांबते हे ते गुरुत्वाकर्षणाच्या पटीत, म्हणजे ‘जी’मध्ये, नोंदवायचं. गाडी कुठे असताना हे घडलं ते त्याला सांगता येत नसे. त्याचं उत्तर आकाशातून यायचं होतं. अमेरिकी सरकार जीपीएसच्या नागरी संकेतात मुद्दाम चूक मिसळत असे. ती भेसळ मे २००० मध्ये बंद झाली आणि शंभरेक मीटरचा घोळ दहा-वीस मीटरवर आला. त्याआधीच, १९९६ पासून, अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला निदानासाठीचं ठरावीक सॉकेट सक्तीचं झालं होतं. तिथून इंजिनचे फेरे आणि थ्रॉटलची उघडझाप वाचता येऊ लागली. चित्रीकरण तेव्हा फार उपद्व्यापाचं काम होतं: मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधलेला कॅमकॉर्डर, धक्क्यांनी नाचणारं चित्र. गोप्रोचा एचडी कॅमेरा २००९ मध्ये आला आणि हा प्रश्न चुटकीसरशी संपला. आज इटलीच्या एआयएम कंपनीचं छोटं यंत्र, इंग्लंडच्या रेसलॉजिकचा व्हीबॉक्स, किंवा फोनमधलं सोलोस्टॉर्मसारखं खास ऑटोक्रॉससाठी लिहिलेलं ॲप, यांपैकी काही ना काही पुष्कळ गाड्यांत दिसतं.

नवखा माणूस असं नोंदयंत्र, म्हणजे लॉगर, घेतो तेव्हा आधी नकाशा उघडतो. मैदानाचं उपग्रहचित्र, त्यावर आपल्या दोन फेऱ्यांच्या रंगीत रेघा. एक रेघ शंकूच्या जवळून गेली, दुसरी जरा लांबून. तो लगेच निष्कर्ष काढतो. हीच रेघ सर्वात कमी भरवशाची असते. साध्या जीपीएसची जागा मीटर-दोन मीटरने सहज सरकते, आणि ऑटोक्रॉसमधले फरक वीतभराचे असतात. त्याच यंत्राचा वेगाचा आकडा मात्र बराच खरा असतो, कारण तो जागेवरून काढलेला नसतो. उपग्रहाच्या संकेताची वारंवारता गाडीच्या गतीमुळे किंचित बदलते, तो डॉप्लर परिणाम मोजून वेग काढतात. म्हणजे यंत्राला गाडी नक्की कुठे होती हे अंदाजानेच ठाऊक असतं, पण किती वेगात होती हे पक्कं.

मोजणी किती वेळा होते यालाही महत्त्व आहे. फोनमधलं जीपीएस बहुधा सेकंदाला एकदा जागा सांगतं; ताशी साठच्या वेगात तेवढ्यात गाडी जवळजवळ सतरा मीटर पुढे गेलेली असते आणि मधला आख्खा शंकू हिशेबातून गळतो. म्हणून सेकंदाला दहा किंवा पंचवीस वेळा मोजणारा रिसीव्हर जोडतात. दहावेळचा असला तरी दोन नोंदींत दीड मीटरहून थोडं जास्त अंतर राहतं. ते भरायला जोरमापक आणि वळणमापक चिपा मदतीला येतात.

वीतभराचा फरक पाहायचा तर कॅमेराच लागतो. शंकू टायरच्या किती जवळून गेला, हे चित्रात उघडं दिसतं. आणि दुसरं म्हणजे हात. जाणकार कॅमेरा बोनेटवर लावत नाहीत. दोन सीटांच्या मध्ये, डोक्याच्या उंचीवर, रोलबारला किंवा सीटच्या दांड्याला घट्ट आवळतात. त्यातून समोरची काच दिसते, स्टिअरिंगवरचे हात दिसतात आणि हेल्मेटचा कोपराही. हेल्मेट कुठे वळलंय यावरून नजर कुठे होती ते कळतं. शंकूंच्या नागमोडी रांगेत, म्हणजे स्लॅलममध्ये, पहिल्या शंकूपाशी हात जरासे उशिरा वळले की दुसऱ्यापाशी आणखी उशीर होतो, चौथ्यापाशी गाडी भलतीकडेच. चालक शपथेवर सांगतो की चौथ्या शंकूपाशी गाडी घसरली. चित्र मागे नेलं की चूक पहिल्याच्याही आधीची निघते, आणि त्या क्षणी साहेबांची नजर बोनेटच्या टोकावर असते.

कॅमेऱ्याचाही एक खोटेपणा आहे. रुंद भिंगातून सगळं लांब आणि संथ दिसतं. आपली सर्वोत्तम फेरी घरी टीव्हीवर दाखवावी आणि बायकोने विचारावं, ‘हे हळू चालवतोयस का?’ असं सर्रास होतं.

लॉगरच्या आलेखात सर्वात जास्त पैसे वसूल होतात ते ब्रेकपाशी. समजा गाडी ताशी नव्वदवरून पंचेचाळीसवर आणायची आहे. चांगल्या टायरवर ०.९ जी इतक्या जोराने ब्रेक लावला तर सुमारे सत्तावीस मीटर लागतात. बिचकत, ०.७ जीने लावला तर चौतीस. म्हणजे सात मीटर आधी पाय उचलला गेला आणि त्यात साधारण एक दशांश सेकंद गेला. एका मार्गावर असे चार-पाच ब्रेक असतात. अर्धा सेकंद कुठे गेला हे लोक नवे शॉक ॲब्सॉर्बर घेऊन शोधतात. तो बहुधा इथे सापडतो, आणि फुकट.

दुसरा आलेख वर्तुळाचा. आडव्या रेषेवर वळण्याचा जोर, उभ्या रेषेवर ब्रेक आणि वेगवाढ. फेरीतला प्रत्येक क्षण त्यावर एक ठिपका होतो. टायरची एकूण पकड ठरलेली असते. ती सगळी वळण्यात खर्च करा, सगळी थांबण्यात, किंवा दोन्हींत वाटून. मुरलेल्या चालकाचे ठिपके वर्तुळाच्या कडेने पसरतात, कारण तो ब्रेक हळूहळू सोडत असतानाच वळायला लागलेला असतो. शिकाऊ माणसाचे ठिपके अधिकच्या चिन्हासारखे पडतात: आधी ब्रेक, मग थांबा, मग वळण, मग परत थांबा, मग ॲक्सिलरेटर. मधे, बरोबर केंद्रापाशी, जो पुंजका दिसतो ते गाडी काहीच करत नसल्याचे क्षण.

रांगेत उभं असताना हे सगळं बघायला वेळ कुठून आणायचा? दोन फेऱ्यांमध्ये काही मिनिटं असतात. त्यात टायरची हवा पाहायची, पाणी प्यायचं, मार्ग पुन्हा मनात फिरवायचा. राष्ट्रीय विजेतेसुद्धा त्या वेळात सहसा एकच गोष्ट बघतात: वेळेच्या फरकाची रेघ. आधीच्या फेरीच्या तुलनेत ती कुठे चढली, कुठे उतरली, एवढंच. बाकीची मांडणी रात्री. आणि रात्री मार्ग तर संपलेला असतो. ते शंकू त्या जागी पुन्हा कधीच लागणार नाहीत. तरीही लोक बसतात, कारण पाच-सहा स्पर्धांच्या नोंदी शेजारी ठेवल्या की मार्ग वेगळे असूनही तोच माणूस तीच चूक करताना दिसतो: कोणी उजव्या वळणाला कायम लवकर आत शिरतो, कोणी शेवटच्या ब्रेकला कायम कचरतो.

सर्वात बोलकी नोंद मिळते ती भागीदारीच्या गाडीत. या खेळात दोघांनी मिळून एक गाडी चालवण्याची पद्धत जुनी आहे. एक उतरला की दुसरा बसतो, मधल्या वेळात तापलेल्या टायरांवर पाण्याचा फवारा मारतात. गाडी तीच, टायर तेच, ऊन तेच. आता फरक निघाला तर तो सीटवरच्या माणसाचा, आणि सबब सांगायला जागा उरत नाही. नवरा-बायकोच्या जोड्याही अशा पुष्कळ असतात.

एससीसीएच्या नियमांनी या यंत्रांना एक मर्यादा घातली आहे. अगदी साध्या, जवळजवळ जशीच्या तशी गाडी चालवायच्या गटातही कॅमेरा, लॉगर आणि त्यांचे सेन्सर चालतात. फक्त त्यांनी फेरीत नोंद करावी आणि आकडे दाखवावेत, दुसरं काही करू नये. ब्रेक किंवा इंजिनात नाक खुपसायला त्यांना बंदी.

आपल्याकडे ऑटोक्रॉस म्हटलं की बहुधा मातीचा ट्रॅक आणि उडणारी धूळ डोळ्यांपुढे येते. डांबरावर शंकू मांडून चालणारा हा प्रकार मराठी घरांत पोचला तो इंजिनिअरिंगच्या पोरांमार्फत. फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धांत विद्यार्थी स्वतः बनवलेली एका सीटची रेसकार उतरवतात आणि त्यात ऑटोक्रॉस ही एक रीतसर परीक्षा असते: दोन चालक, प्रत्येकी दोन फेऱ्या, पाडलेल्या प्रत्येक शंकूला तेच दोन सेकंद. आयआयटी मुंबईच्या संघाने विजेवर चालणाऱ्या गाड्या इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला नेल्या. कोइंबतूरच्या कारी मोटर स्पीडवेवरच्या फॉर्म्युला भारतमध्ये महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ असतात. या गाड्यांत स्टिअरिंगचा कोन, ब्रेकचा दाब, चाकांचा वेग असे सेन्सर विद्यार्थीच बसवतात, आणि ते फक्त चालकाच्या चुका शोधण्यापुरते नसतात. डिझाइनच्या परीक्षेत परीक्षक कागदावरचं गणित बघून समाधान मानत नाहीत. सस्पेन्शन असं का ठेवलं, याला पुरावा म्हणून ट्रॅकवरची नोंद मागतात, आणि हिशेबातला जी व नोंदीतला जी जुळत नसेल तर का नाही, हेही तिथेच सांगावं लागतं.