डिस्टॉर्शन लावताच गिटार घरघरते? नवा पिकअप घेण्याआधी हे तपासा

अलिबाग : मुंबईतील ट्राम विजेवर धावणार हे ठरले आणि कुलाबा वेधशाळेपुढे प्रश्न उभा राहिला. विजेच्या प्रवाहामुळे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी बिघडणार होत्या. त्यामुळे १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेण्यात आले. तिथली इमारतही लोखंड टाळून बांधली गेली. इलेक्ट्रिक गिटारवर हेवी मेटल वाजवणाऱ्यांची अडचण अशीच आहे. फरक इतकाच की, त्यांना विजेपासून दूर जाता येत नाही.

घरघर येते कुठून?
पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. गिटारची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत सूक्ष्म वीजदाब तयार होतो. पण हेच वेढे ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगची ५० हर्ट्झची घरघरही टिपतात. डिस्टॉर्शन बारीक आवाज मोठे करते, त्यामुळे हात थांबताच घरघर ठळक होते.

हंबकर काय करतो?
गिब्सन कंपनीचे अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला. यात दोन कॉइल असतात. वेढे उलट आणि चुंबकाचे ध्रुवही उलट. घरघर परस्पर रद्द होते, तारांचा आवाज मात्र एकत्र येतो. हेवी टोनसाठी ब्रिजजवळ हंबकर ही पहिली पसंती असते ती यामुळेच.

जास्त आउटपुट म्हणजे चांगला टोन?
तसे नाही. वेढे वाढले की सिग्नल जोरकस होतो, पण वरच्या पट्टीची स्पष्टता घटते. गेन तर अॅम्पमध्येही वाढवता येतो. निवडताना चुंबकही पाहावा :
• सिरॅमिक : आवाज सहसा घट्ट, धारदार. उदा. १९७२ चा डिमार्झिओ सुपर डिस्टॉर्शन.
• अल्निको : आवाज सहसा थोडा मऊ. उदा. सेमूर डंकन जेबी.
• अॅक्टिव्ह : आत प्रीअॅम्प, त्यासाठी ९ व्होल्टची बॅटरी, घरघर कमी. उदा. ईएमजी ८१.

खर्चाआधी कोणत्या चाचण्या?
१. सर्वात आधी अर्थिंग. थ्री-पिन सॉकेटला अर्थ नसेल तर घरघर वाढतेच, शिवाय शॉकचा धोका असतो. तारांना किंवा माइकला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वाजवणे थांबवून इलेक्ट्रिशियनला बोलवा.
२. गिटार हातात धरून जागेवरच फिरा. दिशेनुसार घरघर कमी-जास्त झाली, तर कॉइल ती टिपते आहे. इथे हंबकरचा उपयोग होईल.
३. तारांना हात लावताच आवाज घटला, तर शिल्डिंग अपुरे आहे. पिकअपच्या खाचेत तांब्याची फॉइल लावून ती ग्राउंडला जोडल्यास फरक पडतो.
४. नॉब किंवा स्विच फिरवताना खरखर आली, तर कॉन्टॅक्ट साफ करून घ्या. मुरूड, श्रीवर्धनसारख्या किनारी भागांत खाऱ्या, दमट हवेने जॅक आणि तारा लवकर गंजतात.

शेवटी स्क्रू फिरवून पिकअपची उंची बदलून पाहा. तारांच्या फार जवळ असल्यास चुंबक त्यांना ओढतो आणि स्वर लवकर विरतो. या उपायाला एक रुपयाही लागत नाही.