कमानीवर फिरणारी साखळी

ओंडक्याची दोन्ही टोकं उंचवट्यावर टेकलेली असतील आणि मधल्या भागाला खालून आधार नसेल, तर वरून कापायला घेतल्यावर एक अडचण हमखास येते. काप खोल जातो तसा ओंडका स्वतःच्या वजनाने मध्ये वाकतो, कापाची तोंडं मिटतात आणि पातं आवळलं जातं. मग पाचर ठोका, पहार घाला, नाहीतर ओंडका उलटवून खालून कापायला घ्या. दिवसाला एक-दोन ओंडके कापणाऱ्याला हा खोळंबा सोसतो. शेकडो काप घेतल्याशिवाय ज्याची मजुरी निघत नाही, त्याला सोसत नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पाइनच्या रानांत अशा माणसांच्या हाती एक वेगळीच चेनसॉ असायची. नेहमीच्या चेनसॉला पुढे सपाट, भरीव पोलादी पट्टी असते. तिला बार म्हणतात. तिच्या कडेच्या खोबणीतून दातेरी साखळी धावते. या चेनसॉला मात्र पट्टीच्या जागी अरुंद पोलादाची लांबट-गोल चौकट होती, मधून पूर्ण मोकळी. साखळी तिच्या बाहेरच्या कडेने फिरायची. हाच बो बार, म्हणजे कमानीचा बार. त्याची खालची कड लाकडात उतरते आणि वरून मिटत येणारं लाकूड कमानीच्या पोकळीत राहतं. आवळून धरायला तिथे पट्टीची रुंदीच नसते. एका दमात काप आरपार जातो. मात्र पोकळीत मावेल तेवढ्याच जाडीचा ओंडका असा कापता येतो, त्यामुळे ही कमान महावृक्षांच्या कामाची नव्हती. ती होती बारीक खोडांसाठी, आणि बारीक खोडांचं एक मोठं गिऱ्हाईक दक्षिणेत उभं राहिलं होतं: कागद.

जॉर्जियात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स हर्टी यांचा त्यात मोठा वाटा. दक्षिणेच्या पाइनमध्ये राळ फार, त्याचा वर्तमानपत्राचा पांढरा कागद होणार नाही, अशी समजूत होती. हर्टींनी १९३२ मध्ये सव्हाना शहरात प्रयोगशाळा थाटली आणि कोवळ्या पाइनपासून असा कागद होतो हे दाखवून दिलं. १९३८ मध्ये ते वारले. त्यानंतर दोनच वर्षांत, १९४० साली, टेक्सासमधल्या लफकिन इथल्या गिरणीतून दक्षिणी पाइनचा वर्तमानपत्री कागद बाहेर पडू लागला. लगद्याला जाड खोड लागत नाही. लागतात ती ठरावीक लांबीची, माणसाला उचलून ट्रकवर रचता येतील अशी लाकडं. दक्षिणेत ही लांबी बहुतेक ठिकाणी ५ फूट ३ इंच असे. हिशेब ‘कॉर्ड’मध्ये व्हायचा. ४ फूट रुंद, ४ फूट उंच आणि ८ फूट लांब रचलेली थप्पी, म्हणजे १२८ घनफूट, ही एक कॉर्ड. थप्पीतली लाकडं ५ फूट ३ इंचांची असली, की तीच रास १६८ घनफुटांची होते.

तोडकऱ्याला पैसे मिळत ते गिरणीत पोचलेल्या लाकडाचे. किती तास राबला, हे कुणी विचारत नसे. यातले बरेचसे गरीब कृष्णवर्णीय आणि गोरे लोक. अनेकांच्या ट्रकवर आणि चेनसॉवर लाकूड-दलालाचं कर्ज असे. मोजणीत किंचित फरक पडला तरी घरात जाणवायचा. १९७१ साली मिसिसिपीतल्या लॉरेल गावात एका कारखान्याने घनफळाऐवजी वजनावर मोजणी सुरू केली, तेव्हा कृष्णवर्णीय आणि गोऱ्या तोडकऱ्यांनी एकत्र येऊन संप केला. वर्णभेदाने दुभंगलेल्या त्या प्रदेशात ही साधी गोष्ट नव्हती. बो बारची लोकप्रियता समजून घ्यायची तर हे अर्थकारण नजरेआड करून चालत नाही. कमानीमुळे काप आवळत नाही आणि आडवं झाड लांबीलांबीवर कापत जाताना दर वेळी कंबरेत वाकावं लागत नाही. पाठ वाचते, वेळही वाचतो. लाकडाच्या मापावर मजुरी मोजली जाणाऱ्या माणसाला आणखी काय हवं?

याच कमानीने माणसं जायबंदी केली, काहींचे जीवही घेतले. चालत्या साखळीच्या टोकाचा वरचा भाग एखाद्या फांदीला किंवा शेजारच्या ओंडक्याला लागला, की साखळीचा सगळा जोर उलटा फिरतो आणि यंत्र वर उसळून चालवणाऱ्याच्या तोंडा-मानेकडे झेपावतं. सावध होण्यापुरताही वेळ मिळत नाही. हा धोका साध्या बारलाही आहे, पण तिथे टोक निमुळतं असतं. कमानीचं टोक रुंद आणि गोल, म्हणून उसळी देणारा भाग कितीतरी मोठा. यासाठी कमानीच्या वरच्या आणि पुढच्या कडेवर कवच बसवलेलं असे. इंजिनाच्या बाजूला ओंडक्यात रुतणारा काटा असे, तो टेकवला की यंत्र पुढे ओढलं जात नाही. पण कवच झुडपांत अडकतं, काम मंदावतं, म्हणून कित्येकांनी ते काढून टाकलं. त्यांना बेफिकीर म्हणणं सोपं आहे, पण ज्या मजुरीच्या पद्धतीत सुरक्षिततेचा प्रत्येक क्षण कामगाराच्याच खिशातून जात होता, तिच्याकडे आधी बघायला हवं.

पुढे गिरण्या अखंड खोडं घेऊ लागल्या, झाडं धरून कापणारी अवजड यंत्रं रानात आली आणि आखूड लाकडाचा धंदा आटत गेला. १९९५ पासून अमेरिकेत तोडकामाचे नवे सुरक्षा नियम लागू झाले. नव्याने कामाला लागणाऱ्या प्रत्येक चेनसॉला साखळी थांबवणारा ब्रेक सक्तीचा झाला. जर्मन कंपनी श्टील तर आपल्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट बजावते, की तिच्या कोणत्याही चेनसॉवर बो बार कधीही बसवू नये.

तरीही जुन्या कमानी गोठ्यांत आणि गॅरेजांत गंजत पडलेल्या सापडतात, आणि त्या पुन्हा धावत्या करणारे हौशी कारागीर आहेत. हे काम वाटतं त्याहून नाजूक आहे. आधी तारेच्या ब्रशने गंज आणि घट्ट झालेलं जुनं तेल काढायचं. खोबणीत लाकडाचा भुसा आणि तेल मिळून दगडासारखी खळ साठलेली असते, ती पातळ पत्र्याने खरवडायची. तेल येण्याचं भोक मोकळं झालंय का, हे तारेने पाहायचं. कमान सपाट जागेवर ठेवली की पीळ पडलाय का ते लगेच दिसतं. जोड आणि वळणांवर तडा दिसला, तर ती कमान कापायच्या लायकीची उरली नाही, इतकं स्पष्ट ठरवून टाकावं.

खरी परीक्षा कडांची. साखळीच्या घर्षणाने कडांना बाहेर बारीक ओठ फुटतो. तो सपाट कानशीने हळुवार काढायचा. साध्या बारची कड सरळ असते, त्यामुळे ती एका ठरावीक ओघाने घासता येते. कमानीवर मात्र हात वळणासोबत फिरवत न्यावा लागतो, आणि खोबणीच्या दोन्ही बाजू सारख्या उंचीच्या ठेवाव्या लागतात. एक बाजू खाली गेली, की काप तिरका जातो. शिवाय कडांचं पोलाद वरवरच कडक केलेलं असतं. कानस जास्त चालली, तर आतलं मऊ पोलाद उघडं पडतं आणि झपाट्याने झिजतं. कुठे निळसर डाग दिसला, तर तिथे साखळी तेलाविना धावली होती असं समजावं.

मग साखळी. तिचे मधले दात खोबणीच्या रुंदीशी जुळले पाहिजेत: १.३, १.५ किंवा १.६ मिलिमीटर. साखळी बसवून बोटाने आडवी हलवावी. ती कलंडत असेल, तर खोबण रुंद झाली आहे. दात खोबणीच्या तळाला टेकत असतील, तर खोबण उथळ झाली आहे आणि कमानीचं आयुष्य संपलं आहे. कमानीला सरळ बाजू जवळजवळ नसते, त्यामुळे घर्षण जास्त आणि तेलाची भूकही मोठी. ताण देताना साखळी हातमोज्याच्या हाताने अडखळत न थांबता पूर्ण फिरली पाहिजे, पण खोबणीतून सुटताही कामा नये.

या साऱ्यानंतर उरतं कवच. अनेक जुन्या कमानींवर कवचाच्या बोल्टांची भोकं तेवढी दिसतात. कवच नसलेली दुरुस्त कमान भिंतीवर टांगण्याची वस्तू आहे, कापण्याची नाही. जाणकार दुरुस्तकार त्या भोकांवरून मापं घेतात, पोलादी पट्टी वाकवून नवं कवच तयार करतात आणि काटाही बसवतात. पहिली चाचणी मोकळ्या जागेत, जमिनीवर नीट रुतलेल्या बारीक ओंडक्यावर होते. पाय अंतर ठेवून, यंत्राच्या ओळीतून किंचित बाजूला उभं राहायचं, काटा लाकडाला टेकवायचा आणि साखळीला तिच्या वेगाने उतरू द्यायचं. शेजारच्या लाकडावर तेलाच्या बारीक थेंबांची रेघ उमटली, की कमानीपर्यंत तेल पोचतंय हे कळतं.