आजीची नजर नेमकी कशाने गेली?

विनोबा भाव्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५चा, पेण तालुक्यातल्या गागोदे बुद्रुकचा. लहानपणाच्या आठवणी सांगताना ते तिथल्या घरातल्या एका आंधळ्या काकांचा उल्लेख करत. भावे कुटुंब बडोद्याला गेलं, काका मात्र गागोद्यातच राहिले. पुढे एक दिवस ते गेल्याचं पत्र आलं. घरातलं माणूस गेल्यावर करायची अंघोळ त्या दिवशी कुणीच केली नाही. विनोबांनी आईला कारण विचारलं, तेव्हा उलगडा झाला की काका नात्यातले नव्हतेच. सांभाळणारं कुणी नव्हतं, म्हणून ते भाव्यांकडे राहत होते.

विनोबांसाठी ही मायेची गोष्ट होती. नेत्रतज्ज्ञाच्या कानाला ती थोडी वेगळी ऐकू येईल. "घरात कुणाला डोळ्यांचा आजार होता का?" असं त्या मुलाला कुणी विचारलं असतं, तर तो बिनदिक्कत "हो, काकांना" म्हणाला असता आणि उत्तर चुकलं असतं. आपल्याकडे याच्या नेमकी उलटी चूक जास्त होते. सख्ख्या आजीची दृष्टी गेलेली असते, पण "वयच झालं होतं" एवढं म्हणून विषय संपतो. ती मोतीबिंदूने गेली, काचबिंदूने की पडद्याच्या आजाराने, हे कुणालाच ठाऊक नसतं. नातवंडांच्या दृष्टीने मात्र या तिन्हींत मोठा फरक आहे.

सगळ्यात ओळखीचा मोतीबिंदू. २०१५ ते २०१९च्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीपुढच्या भारतीयांतल्या अंधत्वाचं पहिलं कारण तोच ठरला; वाटा ६६ टक्क्यांच्या आसपास. तो निव्वळ वयाचा आजार मानला जातो. पण २००० साली ब्रिटनमधल्या जुळ्या बहिणींच्या अभ्यासात नेत्रमण्याच्या मध्यभागी होणाऱ्या मोतीबिंदूतल्या फरकाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा ४८ टक्के वाटा आनुवंशिकतेचा निघाला, ३८ टक्के वयाचा आणि १४ टक्के परिस्थितीचा. हा हिशेब तिथला. जिथे आयुष्य चुलीच्या धुरात जातं, तिथे परिस्थितीचं पारडं जड होऊ शकतं. भारतातल्या 'इंडआय' अभ्यासात लाकूडफाटा आणि शेणीवर स्वयंपाक करणाऱ्या बायकांमध्ये या मोतीबिंदूचा संबंध धुराशी दिसला. मोतीबिंदूचा दिलासा एवढाच की शस्त्रक्रियेने गेलेली नजर बहुतेकदा परत येते.

काचबिंदूत ती येत नाही. त्यात डोळ्यामागची नस हळूहळू सुकते. सहसा दुखत नाही, खुपत नाही. कडेचं दिसणं आधी जातं आणि समोरचं शेवटपर्यंत टिकतं, म्हणून माणूस गाफील राहतो. नातं सगळ्यात महत्त्वाचं इथे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासाने १९९८मध्ये दाखवलं, की काचबिंदूच्या रुग्णांच्या सख्ख्या नातलगांना हा आजार आयुष्यभरात होण्याची शक्यता २२ टक्के होती. ज्यांच्या घरात तो नव्हता, त्यांच्यात २.३ टक्के. त्याआधी एकच वर्ष, १९९७ला, मायोसिलिन या जनुकातला दोष सापडला होता. पण तो काचबिंदूच्या थोड्याच रुग्णांत आढळतो. बाकीच्यांत अनेक जनुकांचा थोडा थोडा हात असतो. आशियात जास्त आढळणाऱ्या, डोळ्यातला कोन अरुंद होऊन होणाऱ्या काचबिंदूत तर डोळ्याची ठेवणच वारशाने येते. नाक आजोबांचं येतं, तसा आखूड डोळाही येतो.

तिसरा आजार पडद्याच्या मध्यबिंदूचा, म्हणजे मॅक्युलाचा. मॅक्युला काय करतो ते पेणच्या गणपती कारखान्यात कळतं. मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बारीक कुंचल्याने एका दमात पापणीची रेघ ओढतो. ती रेघ त्याला सरळ दिसते ती मॅक्युलामुळे. वयोमानाने मॅक्युला झिजायला लागला, की सरळ रेघ वाकडी दिसते, समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या जागी डाग येतो. जनुकांचा सर्वांत ठळक पुरावा सापडला तो याच आजारात. २००५मध्ये अमेरिकेतल्या तीन गटांनी 'सायन्स' नियतकालिकात एकाच वेळी 'सीएफएच' या जनुकाकडे बोट दाखवलं. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटू नये म्हणून तिला आवर घालणारं प्रथिन हे जनुक तयार करतं. त्या प्रथिनातला ४०२वा घटक बदलला, की धोका वाढतो. आई आणि बाप दोघांकडून बदललेली प्रत आली, तर कैक पटींनी. हैदराबादच्या संशोधकांना २००६मध्ये हाच बदल भारतीय रुग्णांतही दिसला. २०१६पर्यंत या आजाराशी जोडलेल्या जनुकीय जागांची संख्या ३४वर गेली.

मग गावोगाव या आजाराचे रुग्ण दिसायला हवेत. तसं दिसत नाही. नागपूरजवळच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात डॉ. विनय नांगिया आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी तिशीपुढच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले. मॅक्युलाच्या आजाराची शेवटची पायरी गाठलेले लोक तिथे अगदी तुरळक निघाले. एकाच जनुकाच्या दोषानेही होऊ शकणारा रेटिनायटिस पिगमेंटोसा, ज्याची सुरुवात रातांधळेपणाने होते, तो मात्र साधारण ७५० माणसांत एकाला होता. म्हाताऱ्या वयातल्या आजारांचं गणित तसं सरळ नाही. जनुक धोका वाढवतं, निकाल देत नाही. विडी-सिगारेट त्या धोक्यात भर घालते, आणि ती सोडणं हाती आहे.

मग आपला धोका कळावा म्हणून लाळ किंवा रक्त देऊन जनुकांची तपासणी करून घ्यावी का? मॅक्युलाच्या आजारासाठी सरसकट अशी तपासणी करू नये, असं अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांच्या संघटनेचं मत आहे. कारण अहवाल काहीही आला, तरी सध्याच्या उपचारांत त्याने फारसा फरक पडत नाही.

त्यापेक्षा घरच्यांना विचारणं जास्त उपयोगाचं. आजी-आजोबा, आईबाप, भाऊबहीण यांच्यापैकी कुणाची नजर अधू झाली, कितव्या वर्षी, डॉक्टरांनी काय नाव सांगितलं, डोळ्यांत थेंब घालत होते का, हे कागदावर लिहून ठेवावं. जुने केसपेपर फेकू नयेत. काचबिंदू घरात असेल, तर चाळिशीपासून दर एक-दोन वर्षांनी तपासणी करावी. गावातल्या शिबिरात भर बहुधा मोतीबिंदूवर असतो. तिथे "पिकलेला नाही" असं ऐकून परत येऊ नये, डोळ्याचा दाब आणि मागची नसही बघायला सांगावं. आणि ज्याला काचबिंदू निघाला, त्याने ते सख्ख्या भावंडांना त्याच आठवड्यात कळवावं.